बॅरेट, लो ग्रेड डिस्प्लेसिया आणि दोनच तुकडे : दुर्बिणीच्या रिपोर्टवर किती विसंबायचं?

पळसपान

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बाबांना (वय ६१) पंधराएक वर्षं छातीत जळजळ. गोळी घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची, त्रास झाला की पुन्हा गोळी, असा कारभार. गेल्या महिन्यात "घास अडकल्यासारखा वाटतो" म्हणाले, तेव्हा मात्र दामटून दुर्बीण करायला नेलं. रिपोर्टमध्ये आहे ते जसंच्या तसं लिहिते: "बॅरेट्स इसोफेगस, प्राग सी१ एम३. इसोफेजायटिस, एलए ग्रेड बी. बायोप्सी घेतली." आठवड्याभराने दुसरा कागद आला: "दोन तुकडे मिळाले. इंटेस्टायनल मेटाप्लेसिया. लो ग्रेड डिस्प्लेसिया."

एक डॉक्टर म्हणतात, ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे, तो भाग जाळून टाकू, थांबण्यात अर्थ नाही. दुसरे म्हणतात, गोळ्या नीट घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दोघंही तितक्याच ठामपणे सांगतात, म्हणून पंचाईत. आईला झोप नाही. बाबा म्हणतात, "मला काही झालेलं नाही, काळजी करून तुम्हीच आजारी पडाल."

माझा प्रश्न उपचाराचा नाहीच, त्याच्या अलीकडचा आहे. आत नळी घालून बघितलं, कणभर दोन तुकडे काढले, आणि त्यावर हा शब्द लिहिला. त्या शब्दावर किती विसंबायचं?

टवाळ

मी पहिला!
(माफ करा, सवय. बाबांना शुभेच्छा. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो.)

शेवंती७२

ताई, आधी आईला सांगा की बॅरेट म्हणजे कर्करोग नव्हे. माझ्या सासूबाईंना नऊ वर्षांपूर्वी हेच निघालं. तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. सासूबाई आज ठणठणीत आहेत आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. त्यांना डिस्प्लेसिया नव्हता, हे खरं. पण शब्द ऐकूनच अर्धा जीव जातो, म्हणून लिहिलं.

दुर्बीणवाला

पोटविकारतज्ज्ञ आहे, रोज हेच करतो. रुग्ण न बघता सल्ला देणार नाही, पण तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो फार कमी लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अन्ननलिकेचं अस्तर आतून फिकट दिसतं, मोत्यासारखी झाक असलेलं. जठराचं अस्तर गडद, केशरी-लालसर. दोन्ही जिथे भेटतात तिथे नागमोडी रेघ असते. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की खालच्या टोकाचं फिकट अस्तर जातं आणि त्या जागी आतड्यासारखं दिसणारं गडद अस्तर येतं (रिपोर्टमधलं इंटेस्टायनल मेटाप्लेसिया ते हेच). हे बॅरेट. निदान १ सेंटिमीटर तरी वर चढलेलं असावं, त्याहून कमी असेल तर ती रेघच जरा वाकडी आहे असं समजून सोडून देतात. सी१ एम३ म्हणजे पूर्ण गोलाकार पट्टा १ सेंटिमीटर आणि त्यातून वर गेलेली जीभ ३ सेंटिमीटरपर्यंत. ही मोजणीची पद्धत २००६ मध्ये आली. रिपोर्टमध्ये ती लिहिलीय म्हणजे बघणाऱ्याने मोजमाप घेतलंय, ही जमेची बाजू.

आता अडचण. बॅरेट दिसतं, पण त्यातला डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींचा कर्करोगाकडे झुकलेला बदल (सौम्य तो लो ग्रेड, तीव्र तो हाय ग्रेड), बहुतेक वेळा नजरेला दिसत नाही. दिसलाच तर एखादा किंचित उंचवटा, एखादा ठिपका जरा जास्त लाल, एखाद्या ठिकाणी पृष्ठभागाची नक्षी विस्कटलेली, एवढंच. म्हणून आधी अस्तर पाण्याने धुवायचं. फेस आणि चिकटा राहिला तर त्याखाली काहीही लपतं. मग हवा भरायची, थोडी काढायची, पुन्हा भरायची. ताणलेल्या अस्तरावर न दिसणारा उंचवटा हवा कमी केल्यावर डोकं वर काढतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बघितलं तर बारा ते सहा या उजव्या अर्ध्या भागात सुरुवातीचे बदल जास्त सापडतात, तिथे मी मुद्दाम रेंगाळतो. दर सेंटिमीटर बॅरेटला निदान एक मिनिट बघावं असा दंडक आहे. एवढा वेळ देणाऱ्यांना जास्त सापडतं, हे अभ्यासातही दिसलंय.

यानंतर बटण दाबून निळा-हिरवा प्रकाश लावायचा, त्याला एनबीआय म्हणतात. रक्त हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. नक्षी आणि वाहिन्या नियमित असतील तर जिवाला बरं वाटतं.

आणि मग तुकडे. आधी जे संशयास्पद दिसेल त्याचे वेगळे. नंतर बॅरेटच्या पूर्ण लांबीत दर २ सेंटिमीटरला चार दिशांना चार. तुमच्या बाबांच्या बाबतीत वरची जीभच आहे, तिथे चारही दिशांना बॅरेट नसणार, पण तरीही दोन तुकडे म्हणजे फारच कमी. विचारून सांगा: तुकडे कुठून घेतले? एकाच बाटलीत टाकले का? आणि बघायला किती वेळ दिला?

टवाळ

माझी दुर्बीण झाली तेव्हा मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले होते. ऐंशीला नळी बाहेर. मला वाटलं होतं डॉक्टर हुशार आहेत म्हणून लवकर झालं.

दुर्बीणवाला

@टवाळ, हुशार असतीलच. पण या कामात हुशारीपेक्षा चिकाटी लागते. भरभर दुर्बीण करणाऱ्याचं लोक कौतुक करतात, ते मला कधीच झेपलं नाही.

शंकेखोर

चर्चा छान चाललीय, पण एक खडा टाकतो. दर दोन-तीन वर्षांनी नळ्या घालून घेऊन हाती काय लागतं? ब्रिटनमध्ये बॅरेटच्या ३,४०० हून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना दर दोन वर्षांनी दुर्बीण, अर्ध्यांना त्रास झाला तरच. निदान दहा वर्षं मागोवा घेतला. एकूण मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही! डिस्प्लेसिया नसलेल्या बॅरेटमध्ये वर्षाला कर्करोग होतो कितींना? डेन्मार्कच्या २०११ च्या अभ्यासात ०.१ टक्के. म्हणजे हजारात एक. एवढ्यासाठी सगळ्यांना घाबरवायचं आणि दर खेपेला बिल फाडायचं?

शेवंती७२

@शंकेखोर, "बिल फाडायचं" हे तुमचं प्रत्येक धाग्यावरचं पालुपद आहे. दाताच्या धाग्यावरही हेच होतं.

दुर्बीणवाला

@शंकेखोर, आकडे बरोबर आहेत आणि मुद्दाही पूर्ण चुकीचा नाही. सरसकट सगळ्यांना वरचेवर दुर्बीण नकोच. अमेरिकी मार्गदर्शनातही डिस्प्लेसिया नसेल तर ३ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीला पाच वर्षं आणि त्याहून जास्त लांबीला तीन वर्षं असं अंतर आहे. पण तो हजारात एकचा आकडा डिस्प्लेसिया नसलेल्या लोकांचा आहे. इथे कागदावर तो शब्द आलाय. तो खरा असेल तर हिशेब बदलतो, आणि खरा आहे की नाही हाच धाग्याचा विषय आहे.

काचपात्र

माझं नाव कुणी घ्यायच्या आत स्वतःच येते. मी पॅथॉलॉजिस्ट. दुर्बीणवाले दिवसभर पडद्यावर रंगीत चित्रं बघतात, आम्ही त्यांनी पाठवलेले तांदळाच्या कणीएवढे तुकडे बघतो आणि शिव्या मात्र आम्हाला पडतात. (हलके घ्या, डॉक.)

पळसपान, "लो ग्रेड डिस्प्लेसिया" हा आमच्या कामातला सर्वांत घसरडा शब्द आहे. का ते सांगते.

भिंगाखाली बघताना मी पेशींचे केंद्रक बघते. बॅरेटमध्ये ग्रंथींच्या तळाशी केंद्रक तसेही मोठे, काळपट आणि दाटीवाटीने असतात, कारण तिथे पेशी वाढत असतात. निरोगी असेल तर पृष्ठभागाकडे येता येता ते लहान होतात आणि शिस्तीत रांगेत बसतात. तळाची गर्दी तशीच वरपर्यंत आली, पृष्ठभागावरही केंद्रक लांबुळके, गडद आणि एकमेकांवर चढलेले दिसले, तर डिस्प्लेसिया. पण जिथे सूज आहे, आम्लाने सोलवटलंय, तिथे पेशी घाईघाईने भरून येत असतात आणि त्यांचे केंद्रकही मोठे दिसतात. नवख्या डोळ्यालाच नव्हे, मुरलेल्या डोळ्यालाही चकवा बसतो. वर तुकडा तिरका कापला गेला की पृष्ठभागच सापडत नाही आणि तळ बघून निकाल द्यावा लागतो.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये ग्रेड बी सूज लिहिलीय. म्हणजे अस्तरावर ५ मिलिमीटरपेक्षा लांब चिरा आहेत. अशा अस्तरातून घेतलेल्या दोन तुकड्यांवर मी तरी हा शब्द लिहायला कचरले असते. "डिस्प्लेसियाबाबत निश्चित सांगता येत नाही" असा आमच्याकडे एक अधिकृत शेरा आहे. तो लिहायला कुणाला आवडत नाही, कारण रुग्णाला वाटतं पैसे घेऊन हेच सांगितलं.

हॉलंडमध्ये २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या रुग्णालयांत लो ग्रेड डिस्प्लेसिया ठरवलेल्या १४७ रुग्णांच्या स्लाइड या विषयात मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टांनी पुन्हा बघितल्या. ८५ टक्के लोकांचं निदान खालच्या पायरीवर आलं. पण उरलेल्या १५ टक्क्यांना हसण्यावारी नेऊ नका. ज्यांचं निदान पक्कं झालं, त्यांच्यात पुढे वाढ होण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.

तेव्हा स्लाइड आणि ज्यात तुकडे बसवलेले असतात तो मेणाचा ठोकळा, दोन्ही मागून घ्या आणि अन्ननलिकेचे तुकडे सतत बघणाऱ्या दुसऱ्या कुणालातरी दाखवा. तो तुमचा हक्क आहे आणि पहिल्या पॅथॉलॉजिस्टचा अपमान त्यात अजिबात नाही. मी स्वतः अवघड स्लाइड शेजारच्या टेबलावर सरकवते.

कवडसा

वाखूण साठवली. काचपात्र, 'तळाची गर्दी' एकदम डोळ्यांसमोर आली.

माझा बाळबोध प्रश्न: हे रक्त तपासून किंवा सोनोग्राफीत कळत नाही का? आणि नळी न घालता काही करता येत नाही का?

दुर्बीणवाला

रक्तात कळत नाही, सोनोग्राफीत नाही, बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेतही सपाट बदल दिसत नाहीत. नळीविना एक उपाय आहे: दोरा बांधलेली गोळी. गिळायची, जठरात सातेक मिनिटांत तिचं आवरण विरघळतं, आत दाबून बसवलेला स्पंज फुलतो, मग दोरा ओढून तो बाहेर काढायचा. येताना अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणतो. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांनी हे विकसित केलं. पण त्यातून कुणाला दुर्बिणीची गरज आहे एवढंच चाळलं जातं. संशय आला की नळी आलीच.

टवाळ

दोरा बांधलेला स्पंज घशातून ओढून काढायचा?? नळी परवडली.

आडवाटेचा प्रवासी

अवांतर, पण राहवत नाही. अन्ननलिकेतून जठरापर्यंत नळी घालणं कसं सुरू झालं माहीत आहे का? १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला कुसमाउल नावाचे डॉक्टर होते. सरळ, कडक धातूची नळी आत कशी जाणार हा प्रश्न. त्यांनी चक्क तलवार गिळणाऱ्या खेळियाला बोलावलं आणि त्याच्यावर प्रयोग केला. नळी गेली, पण प्रकाश इतका अपुरा की दिसलं फारसं काही नाही! वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण यायला १९५७ उजाडलं.

आणि बॅरेटसाहेबांची गंमत वेगळीच. नॉर्मन बॅरेट, जन्म ॲडलेडचा, लंडनमध्ये शल्यचिकित्सक. १९५० च्या लेखात त्यांनी ठासून लिहिलं की हे गडद अस्तराचं नळकांडं म्हणजे अन्ननलिका नव्हेच, छातीत वर ओढलं गेलेलं जठर आहे. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी दाखवून दिलं की ती अन्ननलिकाच आहे, फक्त अस्तर बदललंय. १९५७ मध्ये बॅरेटनी ते मान्य केलं. आणि नाव कुणाचं पडलं? ज्याचं चुकलं होतं त्याचं.

शंकेखोर

म्हणजे निदान चुकण्याची परंपरा नावापासूनच आहे. माझा मुद्दा सिद्ध.

काचपात्र

😀 हे मात्र मान्य.

उंबरठा

वाचतोय बऱ्याच वेळापासून. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझी गोष्ट बॅरेटची नाही. बावीस वर्षं सिगरेट, जोडीला दारू. सहा वर्षांपूर्वी घशाचा कर्करोग झाला, किरणोपचार झाले, बरा झालो. तेव्हा सांगितलं होतं की ज्या धुराने आणि दारूने घसा बिघडला त्यांनीच अन्ननलिकाही बिघडवलेली असू शकते, तेव्हा तीही बघायला हवी. मला आम्लपित्त कधीच नव्हतं, जळजळ नाही, गिळायला त्रास नाही. तरी गेलो.

साध्या प्रकाशात सगळं स्वच्छ होतं. पडदा माझ्याकडे वळवलेला होता, गुंगी हलकी होती, त्यामुळे मीही बघत होतो. मग त्यांनी आयोडीनचा फवारा मारला. छातीत आतून चटका बसल्यासारखं झालं. बघता बघता सगळी नळी गडद तपकिरी झाली, आणि मधोमध अंगठ्याएवढा एक डाग पांढुरका राहिला. त्याला रंग चढलाच नाही. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते थांबले. दोन-तीन मिनिटांत तो डाग गुलाबी झाला. तेव्हा त्यांनी नर्सकडे बघितलं. त्या नजरेवरून मला कळलं.

हाय ग्रेड डिस्प्लेसिया निघाला. दुर्बिणीतूनच ती चकती सोलून काढली. नंतर जागा आकसली, दोनदा फुगा घालून रुंद करावी लागली. आता नीट गिळतो.

सांगायचं एवढंच की आधीच्या वर्षीही माझी दुर्बीण झाली होती, दुसरीकडे, आयोडीनशिवाय. 'नॉर्मल' असा रिपोर्ट अजून फायलीत आहे.

शेवंती७२

उंबरठा, काय लिहू? लिहिलंत ते बरं केलंत.

दुर्बीणवाला

उंबरठा, आभार. नवीन वाचकांसाठी थोडी भर. अन्ननलिकेत कर्करोगपूर्व बदल दोन जातीचे. खालच्या टोकाला आम्लामुळे होणारं बॅरेट, आणि मूळच्या फिकट अस्तरातच होणारा बदल, जो उंबरठा यांना झाला. दुसऱ्याची कारणं वेगळी: तंबाखू, दारू, पूर्वी ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेलेला असणं, अकॅलेझिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार). ६५ अंशांपेक्षा गरम पेयांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये 'बहुधा कारणीभूत' या गटात घातलंय.

निरोगी फिकट अस्तरात ग्लायकोजेन भरपूर असतं, आयोडीनने ते तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींत ते उरत नाही, म्हणून डाग कोरा राहतो. काम झालं की थायोसल्फेट फवारलं तर चटका कमी होतो. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

बॅरेटला हे आयोडीन उपयोगाचं नाही, तिथे सौम्य ॲसेटिक ॲसिड वापरतात, म्हणजे व्हिनेगरच. सगळं अस्तर पांढरं होतं, आणि डिस्प्लेसियाची जागा इतरांच्या आधी पांढरेपणा सोडून लाल पडते. त्या लाल पडलेल्या जागेवर नेम धरून तुकडा घ्यायचा. खोलीभर वास सुटतो तो वेगळा.

टवाळ

आधी सहा तास उपाशी ठेवायचं आणि मग व्हिनेगरचा वास सोडायचा. माणुसकी राहिली नाही.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला नाही, स्वतः तीनदा वाचला.

विचारून आले. दोन्ही तुकडे एकाच बाटलीत होते, आणि घेतले होते "जास्त लाल दिसलं तिथून". म्हणजे सुजेतूनच, असं माझं मत. वेळ किती दिला ते कुणाला आठवत नाही. स्लाइड मागितल्या तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आधी "कशाला हव्यात?" विचारलं, मग अर्ज लिहून घेतला, मग दिल्या. मेणाचा ठोकळाही मिळाला. बाबा तो उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "एवढ्यावरून माझं भविष्य सांगितलं होय!"

काचपात्र

वडिलांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या दुर्बिणीची घाई करू नका. आधी सूज उतरू दे, नाहीतर मी वर लिहिलेला गोंधळ पुन्हा होईल.

दुर्बीणवाला

+१. आम्ल कमी करणारी गोळी तुमचे डॉक्टर म्हणतील त्या मात्रेत, सकाळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, निदान आठ आठवडे, एकही दिवस न चुकवता. आणि नंतरची दुर्बीण जिथे बॅरेट रोज बघतात तिथे.

जाळण्याबद्दल आत्ता एवढंच: निदान पक्कं झालं तर तो उपाय चांगला आहे. २०१४ ची एक चाचणी आहे, दोन पॅथॉलॉजी मतांनी पक्का झालेला लो ग्रेड. तीन वर्षांत नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात २६.५ टक्के लोक हाय ग्रेड किंवा कर्करोगापर्यंत गेले, जाळलेल्या गटात १.५ टक्के. म्हणजे तुमचे पहिले डॉक्टर हवेत बोलत नव्हते. फक्त 'पक्का झालेला' हा शब्द त्यांनी गाळला.

शंकेखोर

हा आकडा मला माहीत नव्हता. नोंद घेतो.

टवाळ

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी! शंकेखोरांनी काहीतरी मान्य केलं.

पळसपान (अकरा आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण बरेच जण विचारत होते.

बाबांनी गोळ्या घेतल्या. आईने पेटीवर तारखा टाकून घेतल्या, हे जास्त खरं. घास अडकणं तिसऱ्या आठवड्यातच थांबलं. जुन्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे दिल्या होत्या, त्यांचा शेरा: "सूज लक्षणीय, डिस्प्लेसियाबाबत निश्चित सांगता येत नाही." काचपात्र, तुमचंच वाक्य कागदावर बघून हसू आलं.

गेल्या आठवड्यात दुसरीकडे दुर्बीण झाली. मी बाहेर घड्याळ लावून बसले होते. आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत पंचवीस मिनिटं, त्यात नुसतं बघायला सात, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. सूज गेलेली. मोजमाप आता सी१ एम२. एक सेंटिमीटर कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, अस्तर मागे हटलेलं नाही, आधी सुजेची लाली जिभेत धरली गेली असावी. आठ तुकडे, दोन बाटल्या, कुठल्या पातळीवरून घेतले ते वर लिहिलेलं. काल रिपोर्ट आला. मेटाप्लेसिया आहे, डिस्प्लेसिया नाही. एका वर्षाने पुन्हा बोलावलंय. तेव्हाही काही नसेल तर मग लांबचं अंतर.

बाबांचं म्हणणं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

शेवंती७२

आज नीट झोपा मायलेकी.

उंबरठा

फार बरं वाटलं. वर्षाची तारीख चुकवू नका, एवढंच.

काचपात्र

दोन्ही वेळच्या स्लाइड परत मागून घेतल्यात ना? पुढच्या वर्षी बघणाऱ्याला शेजारी ठेवून तुलना करता येईल.

पळसपान

घेतल्या. बाबांनी जुन्या चष्म्याच्या डबीत कापूस घालून ठेवल्यात आणि डबीवर लिहिलंय, "माझं भविष्य. उघडू नये."